मागचं कापू नगं

कामशेतला स्टेशनकडून बाजारात येताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. बाहेर पाटीवर 'लग्नपत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स' असं लिहिलंय आणि आत काउंटरच्या काचेखाली मी मोठ्या अक्षरांत एक सूचना लावलीय: 'फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.' एवढी वर्षं झाली, ती सूचना वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्या काचेवर लोक कोपर टेकवतात, भाजीची पिशवी ठेवतात, रडकं पोर बसवतात. खालचं कुणी वाचत नाही.

फोटो म्हणून माझ्याकडं काय काय येतं म्हणून सांगू. भिंतीवरच्या फोटोचा फोटो येतो, त्यात काचेवर ट्यूबलाइट चमकत असते आणि काढणाऱ्याचं डोकं दिसत असतं. स्क्रीनशॉट येतो, त्यात वर बॅटरी संपत आलेली आणि खाली कुणीतरी कुणाला 'जेवलास का' विचारलेलं. एका गृहस्थानं तर लग्नाचा अख्खा व्हिडिओ पाठवला आणि म्हणाला, यात आमचे आजोबा एकदा पाणी पिताना दिसतात, तेवढे काढून द्या. मी काढून दिले. आजोबांच्या तोंडाला तांब्या होता, त्याला मी काय करणार.

लोकांना वाटतं, फोटो म्हणजे फोटो. मोबाइलात दिसला म्हणजे सगळीकडं दिसणार. तसं असतं तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं. एकाची फाइल जेपीजी, दुसऱ्याची पीएनजी, तिसरा कुठून तरी नेटवरून उचलून वेबपी घेऊन येतो. माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला या नव्या मंडळींची ओळख नाही. फ्लेक्स छापणारा तळेगावला बसतो, त्याचं माझ्याहून जुनं, त्याला माझ्याच फाइलची ओळख पटत नाही. मग मी मध्ये बसून याची फाइल त्याला चालेल अशी करून द्यायची. लोक म्हणतात, ताई नुसत्या बसून असतात. बसून असते, पण डोकं ठिकाणावर ठेवून बसणं किती अवघड आहे ते माझं मला माहीत.

या कामात मला मनापासून आवडणारी एक गोष्ट म्हणजे माणसाच्या मागचं कापणं. आमच्याकडं कुणाचाही फोटो घ्या, मागं काहीतरी असतंच. गॅसची टाकी, वाळत घातलेली चादर, अर्धी म्हैस. मी माउसनं माणसाच्या कडेकडेनं रेघ मारत जाते, केसांपाशी श्वास रोखून धरते, आणि मग मागचं सगळं एका झटक्यात नाहीसं करते. तिथं निळं आभाळ टाकते किंवा देवळाचा कळस टाकते. माणूस एकदम पुढारी दिसायला लागतो. त्या बाबतीत माझा हात धरणारं या पट्ट्यात कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगते.

मागच्या वर्षी पवनेच्या बाजूच्या एका गावचा जत्रेचा फ्लेक्स माझ्याकडं होता. कमिटीच्या मंडळींचे आणि देणगीदारांचे फोटो टाकायचे होते. त्यात दोन सख्खे भाऊ होते. थोरला गावात भातशेती करतो. धाकटा लोणावळ्याला तुंगार्लीत चार-पाच बंगले सांभाळतो. किल्ल्या, पाहुणे, माळी, पाण्याचे टँकर, सगळं तोच बघतो. थोरला इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून दुकानात आला, माझ्या निळ्या पडद्यासमोर बसला, आणि मी त्याचा फोटो काढला. छान भरघोस फाइल तयार झाली.

धाकट्याचा फोटो मात्र फिरत फिरत आला. त्यानं भावाला पाठवला, भावानं कमिटीच्या ग्रुपवर टाकला, ग्रुपवरून कुणीतरी मला. प्रत्येक हातात तो फोटो थोडा थोडा पिळला गेला आणि माझ्यापर्यंत पोचला तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढा उरला होता. मी तो ताणून बघितला. नाकाच्या जागी बाथरूमच्या लाद्या दिसायला लागल्या. मी कमिटीला फोन केला की दुसरा फोटो मागवा. तिकडून उत्तर आलं, "बसवा की ताई कसा तरी, कोण बघतंय." कोण बघतंय म्हणे. जत्रेत लोक देव एकदा बघतात आणि फ्लेक्स दहा वेळा बघतात. शेवटी जेवढा केला तर चेहरा ओळखू येईल, तेवढाच ठेवून मी तो खालच्या कोपऱ्यात एका गोलात बसवला आणि पुढच्या कामाला लागले.

त्यानंतर काय झालं, हे मला यंदा हिवाळ्यात कळलं.

बाजाराच्या गर्दीत एक म्हाताऱ्या बाई दुकानात शिरल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात मेथीच्या जुड्या. त्यांनी जुड्या माझ्या सूचनेवर ठेवल्या आणि मला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"फ्लेक्सवाली तूच का?"

मी म्हटलं, "हो मावशी, बसा."

"बसती. पर आदी सांग, माज्या धाकल्याला बारीक कुणी केला?"

आता माझा स्वभाव असा की कुणी असं अंगावर आलं की मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "मावशी, मी नाही केला. तो बारीकच आला होता." आणि तो नखाएवढा फोटो शोधून स्क्रीनवर दाखवला, ताणून लाद्याही दाखवल्या. मावशींनी पदर सावरून स्क्रीनमध्ये तोंड घातलं. बराच वेळ बघत होत्या. मग मागं सरल्या आणि खुर्चीत बसून त्यांनी सगळं सांगितलं.

जत्रेच्या दिवशी धाकटा बायकोपोरांना गाडीत घालून गावाला आला. गावाच्या कमानीवर फ्लेक्स. त्यात वर भाऊ सुपाएवढा आणि खाली कोपऱ्यात हा पापडाएवढा. त्यानं कमानीखालूनच गाडी वळवली. देवाचं दर्शनही घेतलं नाही. घरी थोरला भाऊ ताट वाढून वाट बघत बसलेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. धाकट्याचं म्हणणं, दादानं सांगून मला बारीक करून घेतला. थोरल्याचं म्हणणं, यानं मुद्दाम टाकाऊ फोटो पाठवला आणि वर भरल्या ताटावरून निघून गेला.

"आन आता थोरल्याच्या पोरीचं लगीन हाय," मावशी म्हणाल्या. "पत्रिका कर आन कमानीवरचा फ्लेक्स कर. नावं सगळी देती. फ्लेक्सवर दोगं पायजेत, आन सारके पायजेत. एक दाना हिकडं न्हाई, एक दाना तिकडं न्हाई. माजी दोन्ही पोरं मांडवात हुबी ऱ्हायली पायजेत. लोकं काय म्हंतील ते म्हनू देत, पर चुलता न्हाई आला तर मला त्या मांडवात घास जायाचा न्हाई."

मला खरंच वाईट वाटलं. माझी चूक नव्हती, हे मी आजही सांगेन, पण एका नखाएवढ्या फोटोनं एवढं घर दुभंगावं याचा रागही आला. मी म्हटलं, "मावशी, मी आत्ता दोघांना फोन लावते आणि सांगते काय झालं होतं ते."

"तुजं कोन आयकतंय? म्हंतील, आयनं शिकवून ठिवली हाय. तू फोन करू नगं. म्या उद्या लोनावळ्याला जाती, धाकल्याकडं. ऱ्हाती चार दिस. फोटू म्या धाडती."

मी काचेवरच्या जुड्या बाजूला केल्या आणि त्यांना सूचना वाचून दाखवली. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर पुन्हा लाद्या. मावशींनी तो शब्द दोनदा म्हणून घेतला आणि जुड्या उचलून निघाल्या. माझ्या दुकानाच्या इतिहासात ती सूचना मनावर घेणारं पहिलं माणूस म्हणजे या मावशी, आणि त्यांना वाचता येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांत फाइल आली. पाठोपाठ धाकट्याचा फोन. आवाजात शहरी पॉलिश, बंगल्यांवरच्या पाहुण्यांशी बोलून बोलून आलेलं.

"मॅडम, आई मागं लागलीय म्हणून पाठवतोय. या वेळी ओरिजिनल आहे, डॉक्युमेंट केलंय. नवीन फोन घेतलाय, कॅमेरा एक नंबर आहे. आता बघतोच मला कसं बारीक करता."

मी म्हटलं, "बघा ना," आणि फाइलवर क्लिक केलं. काही नाही. नुसता पांढरा कागद आणि मोडलेला कोपरा. नाव बघितलं तर पुढं एचईआयसी. महागड्या फोनांना असले फोटो काढायची खोड असते. कमी जागेत जास्त फोटो मावतो म्हणे. मावत असेल, पण माझ्या कॉम्प्युटरच्या तोंडाला तो लागला तर उपयोग.

"उघडत नाहीये," मी म्हटलं.

"उघडत नाही म्हणजे? इथं झकास दिसतोय."

"तिथं दिसणारच. तुमच्याच फोननं काढलाय."

"मग नेहमीसारखा पाठवतो, थांबा." त्यानं लगेच साधा फोटो म्हणून पाठवला. तो उघडला. परत तेच, पिळून आलेला. ताणला की चेहरा पुसट. मागं काहीतरी तपकिरी डाग. हा लावला असता तर मावशींचा धाकटा मुलगा यंदाही पापडाएवढाच झाला असता, आणि त्या मांडवात कोण उभं राहिलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी म्हटलं, "हा चालणार नाही. मोठाच पाहिजे."

"मग मॅडम, कॉम्प्युटर बदला तुमचा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी काहीतरी चांगलं खरमरीत बोलणार होते, तेवढ्यात तिकडं फोनची ओढाओढ झाली आणि मावशींचा आवाज आला. "उगडल, उगडल. लय मोठा हाय न्हवं फोटू, दमानं उगड. आन ह्ये बग पोरी, मागचं कापू नगं."

"मावशी, मागचं कापल्याशिवाय फ्लेक्स चांगला दिसत नाही."

"नगं दिसू दे चांगला. कापू नगं म्हंजी नगं." आणि फोन बंद.

मला वाटलं, लेकाच्या खोलीला नवा रंग दिला असेल, तो दाखवायचा असेल म्हातारीला. आमच्याकडं असतं तसं. नवीन फ्रीज घेतला की पुढचे सहा महिने घरातला प्रत्येक माणूस फ्रीजपुढं उभा राहून फोटो काढतो.

आता तो पांढरा कागद आणि मी. सगळ्यात आधी मी तोच खुळेपणा केला जो सगळे करतात. फाइलच्या नावातलं एचईआयसी खोडून तिथं जेपीजी लिहिलं. मला पक्कं ठाऊक आहे की याचा उपयोग नसतो. जाड्या तांदळाच्या पोत्यावर इंद्रायणीची चिठ्ठी लावली म्हणून भाताला वास सुटतो का? तरी केलं. रागावलेला माणूस करतो असं. कॉम्प्युटरनं सांगितलं, फाइल खराब आहे. मी त्याला मोठ्यानं सांगितलं की खराब तू आहेस. झेरॉक्स काढायला आलेल्या बाई दचकल्या.

मग नेटवर जाऊन त्या फुकट बदलून देणाऱ्या साइट धुंडाळल्या. तिथं 'इथं दाबा' अशी पाच बटणं असतात आणि त्यातलं एकच खरं असतं. चार ठिकाणी दाबल्यावर मला कर्ज मंजूर झालं, माझं वजन कमी करायची सोय झाली, पण फोटो काही बदलून मिळाला नाही. एका साइटवर फाइल चढत आली, अगदी काठापर्यंत आली, आणि कामशेतची लाइट गेली. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला मिळाला, पण फोटोच्या मधोमध, बरोबर धाकट्याच्या कपाळावर, त्या साइटचं नाव छापलेलं. तसा पाठवला असता तर भावांचं भांडण मिटून दोघं मिळून माझ्यावर आले असते.

नवऱ्याचं शेजारी बी-बियाणांचं दुकान आहे. तो डबा घेऊन आला, माझा अवतार बघितला आणि म्हणाला, "एवढी माझ्या मागं लागली असतीस तर मी पण बदललो असतो." त्याला मी डब्यासकट परत पाठवला.

अखेर एक लहानसा प्रोग्राम सापडला. उतरवून घेतला, फाइल त्यात टाकली, जेपीजी मागितली, आणि पापणी लवायच्या आत फोटो समोर. आडवा होता, पण होता. सरळ केला. केवढा मोठा. स्क्रीनमध्ये मावेना. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपुढं उभा, चेहरा असा की फोटो नव्हे, एक्स-रे काढायला आलाय. पण मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. मी एकटीच टाळी वाजवली आणि मग डबा परत मागवला.

जेवून हात धुतले आणि कामाला बसले. आणि सवय म्हणजे सवय. मावशी काय म्हणाल्या होत्या ते विसरून मी त्याच्या मागचं कापायला घेतलं. खांद्यापासून सुरू केलं, मानेवरून वर आले, कानापाशी केस होते म्हणून फोटो आणखी मोठा केला. कानाच्या बाजूला भिंतीवर एक फ्रेम होती. पिळलेल्या फोटोत तो तपकिरी डाग दिसत होता ना, तो म्हणजे हीच. मोठा करता करता फ्रेमच्या आतलंही दिसायला लागलं.

आत जुना फोटो होता. जत्रेतला, गुलालानं माखलेला. एक वयात आलेला पोरगा, त्याच्या खांद्यावर एक लहान भाऊ, दोन्ही पाय पुढं सोडून बसलेला, दोन्ही हात वर केलेले. खालच्यानं वरच्याचे घोटे घट्ट धरलेत. दोघांची तोंडं ओरडायला उघडी. मागं बैलगाडा शर्यतीच्या घाटाची गर्दी. खालचा पोरगा मी ओळखला. टोपी नव्हती, केस दाट होते, पण माझ्या निळ्या पडद्यासमोर बसून मीच त्याचा फोटो काढला होता.

मी माउसवरचा हात काढला. कानापर्यंत मारलेली रेघ पुसून टाकली. डोळ्यात पाणी आलं, ते आलं म्हणून सांगते, त्यात लपवायचं काय. वर्षभर तोंड न बघणारा माणूस रोज सकाळी ज्या भिंतीसमोर उठत होता, तिच्यावर हे होतं.

दुसऱ्या दिवशी थोरला पत्रिकेची कच्ची प्रिंट तपासायला आला. नावं वाचली, मुलीच्या मामांचा क्रम बघितला. मग म्हणाला, "फ्लेक्सचं काय केलं?" मी दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावलेले दाखवले. त्यानं डोळे बारीक करून आधी आकारच मोजला.

"त्येचा बी येवडाच?"

"एवढाच. आणि भाऊ, आता माझं ऐका, मध्ये बोलू नका." मी मागच्या वर्षीचा नखाएवढा फोटो काढला, ताणला, लाद्या दाखवल्या. तो कसा आला, कुणाकडून कुणाकडं गेला, सगळं सांगितलं. "त्यानं तुम्हाला चांगला पाठवला होता. तुम्ही पुढं ढकललात, कमिटीनं पुढं ढकलला, त्यात तो बारीक झाला. कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. दोघांपैकी एकानं जरी एक फोन केला असता ना," असं म्हणताना माझा आवाज चढला होता, तो मी तसाच ठेवला, "तर वर्ष वाया गेलं नसतं."

थोरला टोपी काढून मांडीवर घेऊन बसला. "आसंल," म्हणाला. पण ते काही खरं वाटून म्हटलेलं नव्हतं. मावशींना हे आधीच माहीत होतं. सांगून उपयोग नव्हता.

मग मी धाकट्याचा फोटो मोठा करत गेले. खांदा, मान, कान, भिंत, फ्रेम. फ्रेम स्क्रीनभर केली आणि खुर्ची मागं घेतली.

थोरला उठून उभा राहिला. टोपी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. स्क्रीनपर्यंत बोट नेलं, पण लावलं नाही.

"ह्यो फोटू," तो म्हणाला. "घराची कौलं बदलली तवा गेला. लय हुडकला म्या. म्हनलं, उंदरांनी खाल्ला. ह्यो घिऊन गेलता व्हय. वरीसभर बोलंना माज्याशी, आन भितीवर मलाच टांगून ठिवलंय."

तो हसला आणि हसतानाच त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, लोणावळ्याची लोकल कधी आहे. मग म्हणाला, "ताई, हळदी-कुकू हाय का हितं?"

दुकानात माझा छोटा देव्हारा आहे. मी करंडा दिला. त्यानं ती कच्ची प्रिंट काउंटरवर ठेवली आणि चारी कोपऱ्यांना बोट टेकवलं.

"भाऊ, ही कच्ची आहे," मी म्हटलं. "यात तुमच्या व्याह्यांचं आडनाव चुकलंय. पक्की दोन दिवसांत मिळेल."

"आडनाव नंतर बगू. पैली देवाची, दुसरी भावाची. देवाला म्या सकाळीच सांगितलंय."

टोपी माझ्याकडंच राहिली.

तुंगार्लीत काय झालं ते मी बघितलेलं नाही. मला जे कळलं ते धाकट्याकडून. तो बंगल्याच्या फाटकाशी पाहुण्यांच्या गाड्या लावत होता. समोरून बोडक्या डोक्याचा दादा येताना दिसला, तर त्याला वाटलं कुणाचं तरी बरंवाईट झालं. पळत गेला. दादानं कागद हातात दिला आणि म्हणाला, "पोरीचं लगीन हाय, चुलता लागतो. आन माजा फोटू चोरलास तो दावलास तर बरं हुईल." पुढचं धाकट्यानं सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारू नये ते विचारत नाही.

दोन दिवसांनी दोघं मिळून दुकानात आले. एक टोपी न्यायला, दुसरा माझा कॉम्प्युटर बघायला. आणि भांडण पुन्हा सुरू झालं, फक्त उलट्या बाजूनं. धाकटा म्हणे, दादा थोरला आहे, त्याचा फोटो मोठा करा. थोरला म्हणे, मागच्या साली ह्यो बारीक झाला, औंदा ह्येचा वाडवा. मी पट्टी काउंटरवर आपटली आणि म्हटलं, "मावशींची ऑर्डर आहे, सारखे म्हणजे सारखे. आता जो बोलेल त्याचा फोटो काढून टाकीन." दोघं एकदम गप्प झाले. आईच्या नावाला अजून वजन आहे म्हणायचं.

मागचं मात्र कापलं नाही. माझ्यातल्या डिझायनरला ते जड गेलं. अहो, कमानीवरच्या फ्लेक्सवर स्विचबोर्ड दिसतोय, कॅलेंडरचं टोक दिसतंय. थोरल्याच्या मागं माझा निळा पडदा आणि धाकट्याच्या मागं ही भिंत. फाइल जुन्या पद्धतीत करून तळेगावला पाठवली, तर तिकडून छापणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, बॅकग्राउंड काढायचं राहिलंय." मी म्हटलं, "राहिलेलं नाही, ठेवलंय. छापा." बाजारात माझं नाव खराब झालं असणार, होऊ दे.

लग्नाला मला आमंत्रण होतं. मी मुद्दाम लवकर गेले. कमानीखाली मावशी उभ्या. नवी पैठणी नेसलेल्या, नातवानं आणलेल्या शिडीकडं बोट दाखवून कुणाला तरी वर चढवत होत्या. तो माणूस वर जाऊन आधी थोरल्याचा चेहरा वितीनं मोजून आला, मग धाकट्याचा. दोन्ही वेळा त्यानं खाली सारख्याच विती सांगितल्या. मावशींनी मान डोलावली आणि मला हाताला धरून बाजूला नेलं.

मी म्हटलं, "मावशी, धाकट्याचा फोटो सुरेख आलाय. काढला कुणी?"

"कुनी म्हंजी? म्या."

मी मान वर करून फ्लेक्सवरची ती फ्रेम पुन्हा बघितली.

"सून म्हनत व्हती, भायेर बागंत काडू, फुलं हायेत. म्या म्हनलं, न्हाई, हितं भितीला हुबा ऱ्हा. तिकडं सर म्हनलं. आजून सर. भितीवरला फोटू त्येच्या कानाला लागला तवा बटन दाबलं." त्यांनी बोटानं दाबून दाखवलं. "थोरला काय तुंगार्लीला जायचा न्हाई, धाकला काय गावात यायचा न्हाई. मग म्हनलं, भितच धाडून देऊ. तुला येवडं सांगितलं, मागचं कापू नगं, तरी तू कापायला बसलीस का न्हाई?"

"कानापर्यंत," मी कबूल केलं.

"वाटलंच मला. फोटूवाल्यांची जात."

मांडवातून सनई लावल्याचा आवाज आला. दोघं भाऊ वऱ्हाडाला घ्यायला कमानीपाशी आले, दोघांच्या डोक्याला एकाच रंगाचे फेटे. मावशींनी दोघांना हाका मारल्या, एकाला उजवीकडं घेतलं, एकाला डावीकडं, आणि धाकट्याच्या खिशातला तो महागडा फोन काढून माझ्या हातात दिला. मी दूर जाऊन उभी राहिले. त्यांच्या मागं पाण्याचा टँकर उभा होता, एका बाजूला आचाऱ्याची भांडी, आणि कुणीतरी स्कूटर आडवी लावलेली. मी म्हटलं, "मावशी, मागचं सगळं येतंय हो. जरा इकडं सरका."

मावशी सरकल्या नाहीत. दोन्ही लेकांचे दंड धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आता काप काय कापायचं त्ये," त्या म्हणाल्या. "दोगं बी फुडंच हायेत."